बांगलादेशला सगळ्या जगाची मान्यता मिळायला इतकी वर्षं का लागली? आणि ही मान्यता देतं तरी कोण?

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे 'मान्यता युनो देते' हे उत्तर दरवर्षी खोडावं लागतं. युनो देते ते सभासदत्व. मान्यता ज्या त्या देशाने आपापली द्यायची, आपली सोय बघून. लोकसंख्या, भूभाग, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता, या चार कसोट्या १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात आहेत खऱ्या, पण बांगलादेशाच्या बाबतीत घोडं अडलं ते त्यांच्यापायी नाही.

२६ मार्च १९७१ ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात स्वातंत्र्याची घोषणा झाली, १७ एप्रिलला मेहेरपूरच्या एका आमराईत हंगामी सरकारने शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी कलकत्त्यात पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी स्वतःच्याच कचेरीवरचा पाकिस्तानी झेंडा उतरवून बांगलादेशाचा चढवला. तेव्हाच्या झेंड्यावर लाल गोलात पिवळा नकाशा होता. देशाला मान्यता एकाचीही नाही आणि परदेशात कचेरी मात्र सुरू! भारताने ती चालू दिली, पण मान्यतेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आठ महिने गप्प बसल्याबद्दल इंदिरा गांधींवर तेव्हा भरपूर टीका झाली. मला ते थांबणं योग्यच वाटतं. ढाका पाकिस्तानी लष्कराच्या हातात आणि सरकार कलकत्त्यात. तेव्हाच मान्यता दिली असती तर पाकिस्तानचे तुकडे करायला निघालात, या आरोपाला आयतं निमित्त मिळालं असतं. ३ डिसेंबरला पाकिस्तानने भारताच्या विमानतळांवर हल्ले केले आणि ती अडचणच उरली नाही. ६ डिसेंबरला इंदिराजींनी लोकसभेत मान्यता जाहीर केली, पाकिस्तानने त्याच दिवशी भारताशी राजनैतिक संबंध तोडले. भूतानची मान्यताही त्याच दिवशीची. पहिलं कोण यावर घोळ होता. २०१४ मध्ये ढाक्यानेच भूतानचं नाव घेतलं.

पुढे ब्रिटनने ४ फेब्रुवारी १९७२ ला मान्यता दिली. ती येणार हे दिसताच पाकिस्तान रागाने राष्ट्रकुलातून, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्या जुन्या वसाहतींच्या संघटनेतून, आधीच बाहेर पडला होता. अमेरिका एप्रिलमध्ये आली. पण २५ ऑगस्टला युनोच्या सभासदत्वाचा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा ११ मतं बाजूने असूनही चीनने व्हेटो (नकाराधिकार) वापरला. कम्युनिस्ट चीनचा हा पहिलाच व्हेटो, तोही मित्र पाकिस्तानसाठी.

पाकिस्तानचं घोडं १९७१ च्या युद्धात पकडल्या गेलेल्या आपल्या युद्धकैद्यांवर अडलं होतं. त्यांतल्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे असं ढाका म्हणत होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये लाहोरला इस्लामी देशांची शिखर परिषद भरली. मान्यता नसेल तर मी येणार नाही, असं बांगलादेशचे पंतप्रधान शेख मुजीबनी बजावलं. मुस्लिम देशांनी मध्यस्थी केली, पाकिस्तानचे पंतप्रधान भुट्टोंनी २२ तारखेला मान्यता जाहीर केली आणि मुजीब लाहोरला गेले. एप्रिलमध्ये त्या १९५ जणांवरचे खटले सोडून दिले गेले. सौदा उघड कोणी म्हटला नाही, पण क्रम बघा.

मग चीनचाही विरोध मावळला. १७ सप्टेंबर १९७४ ला बांगलादेश युनोचा १३६ वा सभासद झाला. मात्र स्वतः चीनने आणि सौदी अरेबियाने मान्यता दिली ती ऑगस्ट १९७५ मध्ये, १५ तारखेला मुजीबची हत्या झाल्यानंतर. सौदीची तर दुसऱ्याच दिवशी आली.