‘मॅडम, माझं कुणी ऐकतच नाही’

हे वाक्य मी जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी ऐकते. नव्याने बढती मिळालेला बँकेतला अधिकारी, गॅदरिंगची सेक्रेटरी, गणेश मंडळाचा तरणा अध्यक्ष. चेहरे बदलतात, तक्रार तीच: ‘लोक मला सिरियसली घेत नाहीत.’ म्हणून निखिलची गोष्ट सांगते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

निखिल पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रोजेक्टसाठी बारा मिनिटांची भुताची शॉर्टफिल्म करायची होती. सावद्याकडे घरचीच केळीची बाग, मित्राचा कॅमेरा, वर्गातलीच नटी. पहिल्याच रात्री त्याने क्लायमॅक्स लावला. कंदील घेऊन मुलगी केळीच्या दोन ओळींमधून चालत येते आणि थबकते, एवढंच. पण मुलगी फिसकन हसली, मग कॅमेरावाला, मग सगळेच. हा ओरडला. दुसऱ्या रात्री चौदा टेक झाले. पंधराव्याला शेतीची थ्री फेज लाइट आली, ऑटोवर ठेवलेली पाण्याची मोटार आपोआप धडधडत सुरू झाली आणि कुणीतरी म्हणालं, ‘घ्या भो, भूत आलं!’ नटी घरी गेली ती पुन्हा फोन उचलेना.

‘माझ्यात डायरेक्टरचं मटेरियलच नाही,’ असं त्याने पहिल्या दोन भेटींत मला किमान दहा वेळा सांगितलं. मी समजूत घातली नाही. अशा वेळी ‘तू छान आहेस रे’ म्हणण्याचा काडीचाही उपयोग होत नाही, हे मी फार उशिरा शिकले.

तिसऱ्या भेटीत मी उठून उभी राहिले. ‘मी तुझी नटी. सांग, काय करू?’

‘घाबरलेल्या दिसा, मॅडम.’

मी डोळे मोठे केले, तोंड उघडलं. तो हसला. त्या खोलीत पहिल्यांदाच. मीही हसले.

‘आता तुझं सांग. तू खरंच कधी घाबरला होतास?’

बराच वेळ गेला. मग म्हणाला, ‘पाचवीत होतो. रात्री बाबांनी मोटार बंद करायला एकट्याला शेतात पाठवलं होतं.’

‘तोंड कसं केलं होतंस?’

‘तोंड? ते कुठे माहीत, मॅडम. मी बॅटरीच्या उजेडात पायापुरतं बघत होतो. हातात खोलीची किल्ली घट्ट धरलेली. आणि सतराचा पाढा म्हणत होतो, मोठ्याने. सतरा सख एकशे दोनला अडकलो की पुन्हा पहिल्यापासून.’

मी काही बोलले नाही. समुपदेशकाने कधी गप्प बसावं, हे नुसत्या अभ्यासक्रमाने येत नाही. तेवढं मला जमतं. पंखा फिरत होता. तो स्वतःच म्हणाला, ‘म्हणजे तिला चेहरा नाही मागायचा. काम द्यायचं.’

‘आणि तू स्वतःला काय सांगतोस, शूटच्या वेळी?’

‘कॉन्फिडंट दिस.’ आणि स्वतःच कपाळावर हात मारला.

विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८८४ सालीच मांडलं होतं, की अस्वल बघून आपण घाबरतो म्हणून पळतो असं नाही. पळतो, म्हणून भीती जाणवते. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. माझ्या कामात मात्र ते रोज उपयोगी पडतं. भीती हुकमाने येत नाही आणि हुकमाने जातही नाही. हाताला काम दिलं की मन मागून येतं.

तेव्हा तुमचंही कुणी ऐकत नसेल, तर आधी तुम्ही नेमकं सांगता काय, ते तपासा. ‘नीट करा’, ‘जीव ओता’ ही कामं नव्हेत. ‘डाव्या हाताने खोड धर आणि तीन मोज’ हे काम आहे. अडलात तर ‘मला सुचत नाहीये, दोन मिनिटं द्या’ म्हणा. माणसं दोन मिनिटं खुशाल देतात. सगळ्यात अवघड प्रसंग पहिल्या दिवशी लावू नका. आणि रात्री दोनला दमलेली पोरं हसली, तर तो तुमचा अपमान नसतो; अवघडलं की माणूस हसतो, मयताच्या घरीसुद्धा. झोप उडाली असेल, छातीत धडधड थांबत नसेल, तर मात्र असल्या युक्त्यांवर विसंबू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

निखिलने आधी नटीची माफी मागितली. मग दिवसाउजेडी, आवाजाशिवाय, साधी चालण्याची दृश्यं घेतली. क्लायमॅक्स सगळ्यांत शेवटी.

दीड महिन्याने तो मोबाइल घेऊन आला. पडद्यावर मुलगी एकेका खोडाला हात लावत पुटपुटत मोजत येते. अकरा. बारा. तेराव्याला हात पुढे होतो आणि अंधारात मोटार धडधडते. ती कंदील टाकते.

‘ही मोटार मुद्दाम लावली?’

‘नाही, मॅडम. बाबांनी ऑटोवर ठेवलेली, मी बंद करायला विसरलो. पण ती खरंच दचकली ना, मग ठेवली.’

मी भुताचे सिनेमे बघत नाही, असं त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो माझ्या पायांकडे बघत होता. मी ते केव्हा खुर्चीवर घेतले, मलाच कळलं नव्हतं.