जूनमधलं वेलिंग्टन, कॅम्परव्हॅन आणि दक्षिणेचा वारा

प्रश्न : ताई नमस्कार, मी दापोलीहून लिहितेय. मुलगी-जावई न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असतात, जूनमध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडे जातोय आणि जावईबापूंनी पाच दिवस कॅम्परव्हॅन घेऊन वेलिंग्टन बघायचा बेत केलाय. तिकडे तेव्हा ऐन हिवाळा, वर पाऊस. पावसाचं आम्हा कोकणातल्या माणसांना काही नाही हो, पण गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक आणि बाहेर गारठा, हे साठीच्या पुढच्या माणसांना झेपेल का? मिस्टरांचे गुडघे दुखतात. बेत रद्द करा म्हणून सांगू का?

उत्तर : रद्द अजिबात करू नका. मी स्वतः दोनदा जूनमध्येच गेलेय, एकदा सासूबाईंना घेऊन, त्या तेव्हा सत्तरीच्या होत्या, आणि अजून विषय निघाला की त्या समुद्राकाठच्या चहाबद्दल बोलतात. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, तिथं दिवस ठरवायचा तो पावसावरून नाही, वाऱ्यावरून. थंडी म्हणाल तर दिवसा 11-12 डिग्री, रात्री 6 च्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिक-महाबळेश्वरच्या थंडीतल्या पहाटेसारखं, बर्फबिर्फ नाही (शहरात नीट बर्फ पडला तो 2011 च्या ऑगस्टमध्ये, लोक अजून त्याच्या आठवणी सांगतात). पण उत्तर आणि दक्षिण बेटांच्या मधली कुक सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 22 किलोमीटर आहे, दोन्हीकडे डोंगर, त्यामुळे सगळा वारा त्या फटीतून घुसतो आणि हे शहर बरोबर त्या फटीच्या तोंडाशी बसलंय. आता जरा सविस्तर सांगते कारण सगळी ट्रिप यावरच चालते.

वारा दोनच दिशांचा. उत्तरेचा जोरात असतो पण त्यामानानं उबदार. दक्षिणेचा, ज्याला तिथले लोक सदर्ली म्हणतात, तो थेट अंटार्क्टिकाकडच्या समुद्रावरून येतो, अर्ध्या तासात हवा एकदम गार पडते आणि पाऊस आडवा लागतो, आपल्याकडे झड लागते ना तशी पण बर्फासारखी. जावईबापूंना सांगा, रोज सकाळी मेटसर्व्हिस या तिथल्या हवामानाच्या अ‍ॅपवर आधी वाऱ्याची दिशा बघायची आणि मग गाडी कुठं लावायची ते ठरवायचं. इव्हान्स बे मरीनाच्या पार्किंगमध्ये सेल्फ कंटेन्ड (म्हणजे आतच टॉयलेट आणि पाण्याची टाकी असलेल्या) गाड्यांना रात्री राहायला जागा आहे, ती खाडी उत्तरेला उघडी आहे, म्हणजे सदर्ली असेल तेव्हा तिथं मागे डोंगराचा आडोसा मिळतो. उत्तरेचा वारा असेल तर उलटं करायचं, दिवसा दक्षिण किनाऱ्याला जायचं, आयलंड बे, ओव्हायरो बे, कारण तेव्हा तो किनारा शांत असतो. सदर्लीचं वादळ असताना मात्र त्या रस्त्याला जायचंच नाही, लाटा दगडगोटे उचलून रस्त्यावर टाकतात आणि मग रस्ता बंद करतात.

यात मी उगीच घाबरवत नाहीये. 10 एप्रिल 1968 ला वाहिने नावाची मोठी फेरी याच बंदराच्या तोंडाशी वादळात बॅरेट रीफ या खडकावर आदळली आणि पन्नासच्या वर माणसं गेली, अगदी किनारा दिसत असताना. सीटाउनला त्याचं स्मारक आहे, तिथं उभं राहून समुद्राकडे बघितलं की या शहरात वाऱ्याला इतका मान का आहे ते कळतं. नक्की जा.

गाडीचं दार. याला वेगळा परिच्छेद देतेय कारण माझ्या हातून हे झालंय. वाऱ्याकडे पाठ करून गाडी लावली होती, मी दार उघडलं आणि वाऱ्यानं ते हातातून ओढून पार मागे आपटलं, बिजागरी वाकली, आणि भाड्याच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं निघालं की वाऱ्यानं झालेलं दाराचं नुकसान विम्यात येत नाही. तर गाडी नेहमी तोंड वाऱ्याकडे करून लावायची आणि दार दोन्ही हातांनी धरून हळूच उघडायचं, मिस्टरांना तर उतरताना आधी कुणीतरी बाहेर उभं राहून दार धरू द्या. आणि छत्री नेऊच नका, पहिल्या कोपऱ्यावर उलटी होते. चांगला रेनकोट, तोही टोपीवाला, आणि खाली रेनपँट.

आता गुडघ्यांसाठी. शहर चढउताराचं आहे, गल्ल्या अरुंद, व्हॅन आत नेण्यात काही अर्थ नाही. गाडी इव्हान्स बेला ठेवून बसनं जायचं, स्नॅपर कार्ड घ्या. तेपापा म्युझियम एका अख्ख्या पावसाळी दिवसाचं काम आहे, बाहेरच्या देशातून आलेल्यांना 2024 पासून 35 न्यूझीलंड डॉलर तिकीट आहे, मुलगी-जावई तिथले रहिवासी असतील तर त्यांना फुकट. आत गॅलिपोलीच्या लढाईचं प्रदर्शन आहे, माणसांच्या पुतळ्यांचा आकार खऱ्या माणसाच्या जवळजवळ अडीचपट, त्यांच्या हातावरचे केससुद्धा दिसतात, मी एका नर्सच्या पुतळ्यापुढे किती वेळ उभी होते मला आठवत नाही. लॅम्बटन कीवरून केबल कार घ्या, 1902 पासून चालू आहे, पाच मिनिटांत वर केलबर्नला, म्हणजे चढ चढायलाच नको, वरून सगळं बंदर दिसतं. परत चालत बोटॅनिक गार्डनमधून उतरतात लोक, तुम्ही नका उतरू, ओल्या उतारावर गुडघ्यांची वाट लागते, केबल कारनंच खाली या. पक्ष्यांची आवड असेल तर झीलँडिया, 225 हेक्टरचं जंगल, भोवती 8.6 किलोमीटरचं कुंपण घालून उंदीर-मांजरांपासून राखलेलं, भुरभुर पावसात तर तुई पक्षी आणखी छान ओरडतात असं मला वाटतं.

जूनमध्ये जाताय तर अजून एक. जूनच्या शेवटी किंवा जुलैत माओरी लोकांचं नवं वर्ष येतं, मातारिकी, 2022 पासून सरकारी सुट्टी आहे. मातारिकी म्हणजे आपली कृत्तिका! पहाटे पूर्वेला कृत्तिका परत दिसायला लागतात तेव्हा गेलेल्या माणसांची आठवण काढतात, एकत्र जेवतात. 2018 मध्ये या सणाच्या आतषबाजीच्या वेळी बंदरात एक देवमासा येऊन राहिला होता, तर शहरानं त्याला त्रास नको म्हणून आतषबाजीच आठवडाभर पुढे ढकलली. हे वाचल्यापासून मला ते शहर आपलंसं वाटतं.

येताना-जाताना डेझर्ट रोड लागेल, हिवाळ्यात बर्फानं बंद होऊ शकतो, म्हणून ऑकलंड-वेलिंग्टन एका दमात करू नका, तौपोला एक रात्र थांबा.

प्रश्न : हिवाळ्यात कॅम्परव्हॅनमध्ये सकाळी काचांवरून पाणी गळतं, गाद्या दमट होतात. आमचं मागच्या वर्षी असंच झालं. हीटर तर चालू होता. काय चुकलं? (वाचक, पुणे)

उत्तर : हीटर होता पण हवा बाहेर जायला वाट नव्हती, असं झालं असणार. दोन माणसं झोपेत श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात, वर आपलं जेवण म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, आणि गॅस जळतो त्याचंही पाणीच होतं, एक किलो गॅसचं दीड किलोपेक्षा जास्त. ते सगळं गार काचेवर जाऊन बसतं. भर पावसातही छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, स्वयंपाक करताना तर ठेवायचीच, ओले कपडे झोपायच्या जागेत न टांगता बाथरूमच्या खोक्यात टांगायचे आणि सकाळी उठल्या उठल्या काचा पुसून फडकं बाहेर पिळायचं. खिचडी एकाच शिट्टीत उरकता येते, तांदूळ-डाळ तासभर आधी भिजवा. गॅसची शेगडी पेटवून ऊब घेत बसू नका, कृपा करून नका, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडनं माणसं झोपेतच जातात. डिझेल हीटर असेल तर टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका, बऱ्याच गाड्यांत मग तो बंदच पडतो आणि तेही नेमकं रात्री तीनला. शिवाय वेलिंग्टनला हिवाळ्यात सूर्य पाचलाच मावळतो, सोलर पॅनलवर काही भरत नाही, म्हणून दर दोन-तीन रात्रींनी एकदा हॉलिडे पार्कमध्ये पॉवर्ड साइट (विजेची जोडणी असलेली जागा) घ्या, वेलिंग्टनजवळ लोअर हटला आहे, बॅटरी भरते, कपडे ड्रायरमधून निघतात, गरम पाण्याची आंघोळ होते आणि टॉयलेटची टाकीही रिकामी करता येते.

प्रश्न : न्यूझीलंडला लोणचं, गोडा मसाला, लाडू नेले तर चालतात का? (वाचक, सांगली)

उत्तर : फळं आणि मध नेऊच नका. बाकी जे काही खायचं आहे ते सगळं विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर किंवा ऑनलाइन डिक्लेअर करा, अगदी पर्समधली बडीशेपसुद्धा. डिक्लेअर करून त्यांनी काढून घेतलं तर दंड नाही, लपवलं आणि सापडलं तर जागच्या जागी 400 डॉलर. लाडवात तूप असतं, दुधाच्या पदार्थांना ते जास्त खोदून विचारतात, त्यामुळे लाडू तिकडेच मुलीच्या घरी वळा, बेसन सगळीकडे मिळतं.