प्रश्न तुमचे : देवाचे ऐकायचे म्हणजे काय?

प्रश्न : मी गेली बरीच वर्षे रोज पहाटे पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचते आणि अर्धा तास प्रार्थना करते. मंडळीतील काही जण अगदी सहज सांगतात, "प्रभू माझ्याशी असे बोलला", "प्रभूने मला हे दाखवले". माझ्या कानी आजवर काहीच पडलेले नाही. 'आमेन' म्हणून उठते, तेव्हा खोलीत आधी जी शांतता होती तीच असते. माझ्या विश्वासात काही उणे आहे का?

उत्तर : आधी 'ऐकणे' या शब्दाकडेच पाहू. "हा मुलगा माझे मुळीच ऐकत नाही" अशी तक्रार करणारी आई त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेत नाही. आपल्या भाषेत कानावर पडणे हेही ऐकणे आहे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हेही ऐकणेच आहे. जुन्या कराराच्या इब्री (हिब्रू) भाषेतील 'शामा' या क्रियापदाचेही नेमके असेच आहे. "हे इस्राएला, श्रवण कर" या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातील वचनात (६:४) तेच क्रियापद आले आहे आणि त्याच्या पाठोपाठ परमेश्वरावर पूर्ण मनाने प्रीती करण्याची आज्ञा येते. तेव्हा तुम्हाला पहिल्या अर्थाने काही ऐकू आले नसले, तरी पहाटे वाचलेल्या वचनामुळे त्या दिवशी तोंडावर आलेला एखादा बोचरा शब्द तुम्ही गिळला असेल, तर दुसऱ्या अर्थाने तुमचे ऐकणे केव्हाच सुरू झाले आहे, आणि माझ्या मते शास्त्राचा भर याच दुसऱ्या अर्थावर आहे.

शमुवेलाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण १ शमुवेल ३ हा अध्याय पुन्हा सावकाश वाचून पाहा. त्या काळी परमेश्वराचे वचन दुर्मीळ झाले होते, असे पहिल्याच वचनात म्हटले आहे. हाक आली तेव्हा लहानग्या शमुवेलाला ती तीन वेळा याजक एलीचीच वाटली आणि तो तिन्ही वेळा उठून त्याच्याकडे धावला. ही हाक परमेश्वराची आहे हे ज्याच्या ध्यानात आले, तो एली म्हातारा होता, त्याची दृष्टी मंद झाली होती आणि स्वतःच्या मुलांना आवरणे त्याला जमले नव्हते. म्हणजे ऐकणारा एक आणि ओळखणारा दुसरा, तोही पुष्कळ उणिवा असलेला. पुढचा भाग मंडळीच्या रविवारच्या शाळेत सांगताना बहुधा गाळला जातो. शमुवेलाला जे सांगण्यात आले ते त्याच एलीच्या घराण्यावरील न्यायाबद्दल होते. ते ऐकून तो सकाळपर्यंत पडून राहिला, उठून त्याने परमेश्वराच्या मंदिराची दारे उघडली आणि हा दृष्टान्त एलीला सांगण्याची त्याला भीती वाटली. "देव माझ्याशी बोलावा" अशी इच्छा आपण करतो, तेव्हा असे काही ऐकायची आपली तयारी असते का, हा प्रश्न मी स्वतःला अधूनमधून विचारतो, आणि उत्तर दर वेळी होकारार्थी नसते.

आणि शांततेविषयी म्हणाल, तर होरेब डोंगरावर संदेष्टा एलीया याने वारा, भूकंप आणि अग्नी यांनंतर मंद वाणी ऐकली. "एलीया, तू येथे काय करीत आहेस?" हा प्रश्न त्या वाणीच्या आधीही विचारला होता आणि नंतरही तोच विचारला, एलीयाने दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणे मांडले. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी त्याला परत जाण्यास सांगून काम नेमून दिले गेले. अर्ध्या तासाच्या प्रार्थनेतून तुम्ही उठता आणि शांतता तीच असते, हे मला त्यामुळे फारसे चिंताजनक वाटत नाही. एक बदल मात्र करून पाहा. पूर्ण अध्यायाऐवजी सात-आठ वचनेच वाचा, मनाला अडलेल्या शब्दापाशी थांबा आणि अर्ध्या तासातील शेवटची दहा मिनिटे काहीही न मागता बसा. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा पहिलाच शब्द 'ऐक' असा आहे, आणि त्याच वाक्यात ते 'अंतःकरणाचा कान' लावण्यास सांगतात. तो कान आपले बोलणे चालू असताना लागत नाही.

प्रश्न : एका प्रार्थनासभेत एका बंधूंनी मला सर्वांसमोर सांगितले की, मी सध्याची नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत यावे अशी देवाची इच्छा आहे. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. न ऐकल्यास ती आज्ञाभंगाची गोष्ट होईल का?

उत्तर : नाही. "प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, तर पारख करा" असे प्रेषित योहान आपल्या पहिल्या पत्रात (४:१) सांगतो, आणि प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना संदेशांचा धिक्कार करू नका असे बजावून लगेच सर्व गोष्टींची पारख करायला सांगतो. तेव्हा त्या बंधूंचे बोलणे तुच्छ लेखू नका; पण केवळ ते चारचौघांत बोलले गेले म्हणून राजीनामाही लिहू नका.

पारख कशी होते, हे प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये दिसते. आशिया या रोमी प्रांतात वचन सांगण्यास पौल व त्याच्या सोबत्यांना मनाई झाली, बिथुनियाचा मार्गही बंद झाला आणि ते त्रोवसास आले. तेथे रात्री मासेदोनियाच्या एका माणसाचा दृष्टान्त झाला तो एकट्या पौलाला. पण देवाने आपल्याला बोलावले आहे असा निष्कर्ष काढला तो 'आम्ही', म्हणजे सोबत असलेल्या सर्वांनी. तुमच्या बाबतीत हा 'आम्ही' कोण? तुमची पत्नी, तुम्हाला जवळून ओळखणारे पाळक, तोंडावर खरे बोलणारा एखादा मित्र. यांपैकी कोणाशी तुम्ही बोलल्याचे पत्रात लिहिलेले नाही.

दुसरी कसोटी लोयोलाचे संत इग्नेशियस यांच्या अनुभवातून आली आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून ते महिनोन्‌महिने अंथरुणावर होते. शौर्याची स्वप्ने रंगवताना त्यांना मौज वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांप्रमाणे जगण्याचा विचार केला की त्याचा आनंद मागे टिकून राही. हा फरक ध्यानात आल्यावर त्यांनी पुढे पारखेचे नियम लिहिले, आणि त्यांतील एक तुम्हाला आज लागू आहे : मन खिन्न आणि अस्वस्थ असताना, आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये. झोप उडवणारी भीती ही देवाच्या बोलावण्याची खूण नव्हे. हा विचार देवाकडून असेल, तर तो सहा महिने थांबल्याने विरून जाणार नाही. (सभेत दुसऱ्याचे आयुष्य जाहीरपणे ठरवून टाकण्याची ही रीत मला व्यक्तिशः पसंत नाही.)

प्रश्न : प्रार्थनेला बसले की नको नको ते आठवते. अर्धवट कामे, कोणाशी झालेली खडाजंगी. देवाकडे लक्ष कसे लागावे?

उत्तर : शेजारी कागद-पेन्सिल ठेवा, आठवलेले काम लिहून टाका आणि पुन्हा वचनाकडे वळा, कामांच्या बाबतीत एवढे पुरते. खडाजंगीचे तसे नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीजवळ अर्पण आणलेल्या माणसाला नेमके तिथेच आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, आणि "मन एकाग्र कर" असे प्रभू त्याला म्हणत नाही. अर्पण तिथेच ठेवून आधी जा, समेट कर, मग येऊन अर्पण वाहा, असे तो सांगतो. तेव्हा एकच नाव रोज प्रार्थनेत आडवे येत असेल, तर त्याला हाकलण्याची धडपड करू नका. पवित्र शास्त्र उघडेच ठेवा, दुसऱ्या खोलीत जा आणि त्या व्यक्तीला फोन लावा.