कार्यकर्त्यांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून बरीच वर्षं झाली. विडी कामगार बायकांच्या वस्तीत काम करते. वेबिनारची सर्टिफिकेटं इतकी साठलीत की फाइल मिटत नाही. तरी परवा पोटगीच्या अर्जावरून वकीलसाहेब म्हणाले, ‘मॅडम, अजून कलम १२५ च लिहिताय?’ मला काही बोलता आलं नाही. नेमकं काय शिकू, कुठे शिकू?
– एक कार्यकर्ती, कुंभारी

उत्तर : वकीलसाहेबांचं म्हणणं बरोबर आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोटगीचं कलम १२५ आता १४४ झालं, एफआयआरचं १५४ आता १७३. सासरच्या छळाचं ४९८-अ भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ मध्ये गेलं. आधीपासून चालू असलेल्या प्रकरणांत जुनी कलमं दिसत राहतील, त्याने गोंधळू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा जागच्या जागी आहे. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी वहीत उतरवून घ्या. दत्तकाचा आदेश सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. हे सगळं एका दुपारचं काम आहे, त्याला सर्टिफिकेट लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन बसा. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे ओळख झाली तर तुमच्या वस्तीचंही काम होईल.

कायद्याचं झालं. पण तुमच्या पत्रात मला दुसरंच काहीतरी दिसतंय. तुम्ही लिहिता की सगळ्या मुलाखती मराठीतून घेता आणि ‘अडलं तर घरातलं कुणीतरी सांगतं’. अहो, सोलापूरच्या पूर्व भागातल्या किंवा कुंभारीच्या तेलुगू बोलणाऱ्या घरात अडल्यावर सांगायला पुढे येणार कोण? सासू, नाहीतर नणंद. सुनेच्या दंडावरचा वळ कशाचा, हे सासूने मराठीत करून सांगितलेलं आपण लिहून घ्यायचं आणि त्याला गृहभेट अहवाल म्हणायचं! तेलुगू शिका. सोलापुरात काम करणाऱ्या कार्यकर्तीला यापेक्षा मोठं प्रशिक्षण मला तरी ठाऊक नाही, आणि त्याचे गुण कुठलंही विद्यापीठ देणार नाही. व्याकरणाच्या नादी लागू नका. विडी वळायला बसलेल्या बायकांमध्ये दुपारी जाऊन बसा. पान कापणं, दोरा गुंडाळणं, कारखान्यात छाट (नापास ठरवलेल्या विड्या) किती निघाली, आठवड्याचे पैसे कुणाच्या हातात पडले, एवढ्यापुरते शब्द आधी येऊ देत. छाटीचं बोलणं निघालं की मजुरीचं निघतं, मजुरीचं निघालं की नवऱ्याचं. अक्कलकोटकडे बदली झाली तर हाच सल्ला कानडीसाठी.

तिसरी गोष्ट, केसचर्चा. वेबिनारमध्ये आपण ऐकतो, आपलं काम कुणी बघत नाही. आपापल्या संस्थांतले चार-पाच जण महिन्यातून एकदा बसा. एकाने एक केस मांडायची. नाव, गल्ली, शाळा सगळं काढून. मूल असेल तर ही काळजी दुप्पट घ्या, कारण पॉक्सो आणि बाल न्याय या दोन्ही कायद्यांत मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. बाकीच्यांनी पहिला अर्धा तास फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. ‘तू तेव्हा दार का लावून घेतलंस?’, ‘नवऱ्याशी स्वतंत्र बोललीस का?’ असे प्रश्न. आपल्याकडे सल्ला फार लवकर बाहेर पडतो, म्हणून हा नियम कडक पाळा. वर्षातून एकदा बाहेरचं माणूस बोलवा. टिसचं (टाटा समाजविज्ञान संस्थेचं) आवार तुळजापूरला आहे, एसटीने जाऊन विचारता येतं.

बाकी ज्याला अभ्यासक्रमच हवाय त्याच्यासाठी इग्नू आहे. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर शिकणं फुकट आहे, पैसे फक्त परीक्षेचे. मुलांसोबत काम असेल तर बेंगळुरूच्या निमहान्समधला ‘संवाद’ उपक्रम बालसंरक्षण आणि मुलांचं मानसिक आरोग्य यांवर प्रशिक्षणं घेतो. वर्षाला एकच विषय घ्या.

प्रश्न : डॉक्टर-नर्सप्रमाणे आपल्यालाही परवाना लागतो का? त्याच्या नूतनीकरणासाठी प्रशिक्षण सक्तीचं आहे का?
– एमएसडब्ल्यूचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : सरसकट सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी असा परवाना आपल्या देशात नाही. तुकड्यातुकड्याने आहे. पुनर्वसन क्षेत्रात भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते आणि ती टिकवायला प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणवून घ्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल सांगितलंय. दवाखान्यात काम करायचं असेल तर २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यावर नजर ठेवा, त्याच्या यादीत वैद्यकीय समाजकार्यकर्ता आहे. इंग्लंडमध्ये दरवर्षी आपण काय शिकलो याच्या किमान दोन नोंदी नियामकाकडे द्याव्या लागतात, आणि त्यातली एक तरी सहकाऱ्याशी चर्चा करून लिहिलेली असावी लागते. ही दुसरी अट मला आवडते. आपल्याकडे सक्ती आली तर हजेरीपट आणि चहा-बिस्किटंच वाढतील अशी धास्ती आहे, पण तेवढ्यासाठी सक्तीच नको असंही मी म्हणणार नाही.

प्रश्न : आमची संस्था लहान. कार्यकर्त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं की शिकून दुसरीकडे जातात. मग खर्च का करायचा?
– एका संस्थेचे सचिव, बार्शी

उत्तर : सचिवसाहेब, न शिकवलेले तरी कुठे टिकलेत? माणसं जातात ती पगारावरून आणि रात्री अकराला येणाऱ्या तुमच्या फोनवरून. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिताना वाहन आणि स्टेशनरीखाली प्रशिक्षणाची एक ओळ घाला, देणगीदार सहसा नाही म्हणत नाहीत. परत आलेल्या कार्यकर्त्याला सोमवारच्या बैठकीत तासभर बोलू द्या, त्यात तुम्ही स्वतः बसा, मोबाइल खिशात ठेवून. आणि प्रशिक्षणाचे दिवस त्याच्या रजेत धरू नका. तुमच्या पत्राच्या मागच्या पानावरचा हिशेब मी वाचला आहे, तिथे ते धरलेले दिसतात.