शेंगापोळी घेताना

सोलापुरात आपण नव्यानेच राहायला आला आहात, तेव्हा गोडाची सुरुवात शेंगापोळीपासून करावी. भाजलेल्या दाण्यांचे कूट आणि गूळ यांचे सारण कडेपर्यंत पोचले आहे का, हे पोळी मोडून पाहावे. कडा नुसत्या कणकेच्याच लागल्या, तर पुढच्या वेळी दुसरीकडून घ्यावी. पोळी गार झाल्यावरच डब्यात भरावी, नाहीतर वाफेने ती मऊ पडते. शेंगाचटणी मात्र उखळात कुटलेलीच मागावी, कारण कुटताना दाण्यांना तेल सुटून चटणी गोळा धरते. मिक्सरमधली भुरभुरीत चटणी म्हणजे, माझ्या मते, कडक भाकरीचा अपमानच. हुरड्यासाठी थंडीपर्यंत थांबावे लागेल, आणि तो शेतावर, आगटीजवळ बसूनच खावा.