चोराच्या भीतीनं एफडी मोडू की नको?

सांगलीच्या गावभागातून एका वाचकांनी लिहिलं आहे: "आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी. आम्ही तळमजल्यावर राहतो. महिन्याभरात आमच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्या. घरी चौऱ्याहत्तर वर्षांची आई, पत्नी शिक्षिका. आठ कॅमेरे, स्मार्ट लॉक, सगळ्या खिडक्यांना ग्रिल आणि इन्व्हर्टर मिळून १,८५,००० रुपयांचं कोटेशन आलंय. त्यासाठी तीन लाखांची एफडी मोडावी का? महिन्याचा खर्च ४५,००० आहे. शिवाय सोसायटी कॅमेऱ्यांसाठी घरटी ८,००० मागतेय. आईचं आणि पत्नीचं मिळून चौदा तोळे सोनं कपाटात आहे, कारण २०१९ च्या पुरात घरात चार फूट पाणी होतं आणि तेव्हापासून लॉकरवरचा विश्वास उडाला. गृहकर्जाचे हप्ते चालू आहेत."

नमस्कार. एफडी मोडू नका. ती तुमची अडीअडचणीची पुंजी आहे. आज ती साडेसहा महिन्यांचा खर्च भागवते. १,८५,००० काढलेत तर अडीच महिन्यांपुरती उरेल, वर मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात कापेल ते वेगळंच.

तुमच्या पत्रात चोरावर दहा ओळी आहेत आणि नदीवर एक. मला हे उलटं वाटतं. चोर आला तर कपाट रिकामं करील. कृष्णा आली तर कपाटासकट सगळं जातं, आणि ती तुमच्या घरात येऊन गेलेली आहे. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या कोटेशनमधल्या निम्म्या वस्तू तर पाण्यात जाणाऱ्याच आहेत. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) आणि इन्व्हर्टर बसवणारा माणूस सहसा जिन्याखाली किंवा मीटरच्या खोलीतच जागा शोधतो.

म्हणून पहिला पैसा विम्याला. 'भारत गृह रक्षा' ही विमा नियामकानं ठरवून दिलेली प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते. आग, वीज, पूर, भूकंप यांनी घराचं आणि सामानाचं होणारं नुकसान तिच्यात येतं. विमा रक्कम जागेच्या बाजारभावावर नाही, बांधकामाच्या खर्चावर धरतात. तुमचा कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ७८० चौरस फूट आणि बांधकामाचा दर २,२०० रुपये धरला तर १७,१६,००० होतात. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या २० टक्के, म्हणजे ३,४३,२०० रुपयांपर्यंत, घरातल्या सामान्य सामानाला संरक्षण आपोआप मिळतं (कमाल मर्यादा दहा लाख). घर राहण्याजोगं नसेल त्या काळातल्या पर्यायी भाड्याचीही तरतूद आहे.

आता चोरीचं. या पॉलिसीत एरवीची घरफोडी येत नाही. मात्र पुरासारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरी येते. पुरात घर बंद करून गेलेल्या माणसाला हे कलम फार मोलाचं. रोजच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण मागून घ्या आणि प्रीमियम दोन-तीन कंपन्यांकडून विचारा. त्याआधी एक काम करा: गृहकर्ज घेताना बँकेनं एखादी पॉलिसी गळ्यात मारली आहे का ते कागद काढून बघा. पुष्कळदा ती फक्त इमारतीची असते आणि घरात कुणालाच आठवत नसते. आणि हे सगळं पावसाळ्याआधी. पाणी चढू लागल्यावर घेतलेल्या पॉलिसीवर भिस्त ठेवू नका.

सोन्याबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालायचा आहे. पाण्यानं सोनं खराब होत नाही, कागद होतात. तुम्ही कागद लॉकरमध्ये आणि सोनं कपाटात ठेवत असाल तर अदलाबदल करा. तरी लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं २,००० असेल तर दोन लाख. तुमचं सोनं आजच्या भावानं दहा लाखांच्या पुढे आहे. पूर, भूकंप यांत तर बँकेवर जबाबदारीच नाही. म्हणून २०१९ मध्ये जिच्या पायरीला पाणी लागलं नाही अशी शाखा शोधा, आणि दागिन्यांचा वेगळा विमा घेताना लॉकरमधलं सोनं त्यात धरलंय का ते लेखी विचारा.

कोटेशनमधलं काय ठेवायचं? मुख्य दाराला सेफ्टी डोअर आणि चांगलं कुलूप, खिडक्यांना ग्रिल. एका ग्रिलला आतून उघडणारी झडप हवीच, किल्ली तिथेच खिळ्याला. आग लागली किंवा बोट खिडकीशी आली तर पक्कं ग्रिल म्हणजे पिंजरा. स्वतःचे आठ कॅमेरे नकोत. माझ्या ओळखीच्या एका घरी चोरांनी जाताना डीव्हीआरच उचलून नेला. त्याऐवजी सोसायटीचे आठ हजार द्या. चोवीस घरांचे १,९२,००० होतात, तेवढ्यात फाटक, पार्किंग आणि जिना नीट दिसतो. पण सभेत ठराव करून घ्या, डीव्हीआर पहिल्या मजल्यावर बसवा, वार्षिक देखभालीचे पैसे कोण देणार ते आधीच लिहा. कुणी सिंकिंग फंडातून करू म्हणालं तर विरोध करा, तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे.

दार, ग्रिल, सोसायटीचा वाटा आणि विमा मिळून माझ्या अंदाजानं साठ-सत्तर हजारांत बसेल. ते चार-पाच महिन्यांच्या बचतीतून करा, विम्यापासून सुरुवात करून.

आणखी पंधरा हजार बाजूला ठेवा, टेम्पोसाठी आणि नातेवाइकांकडे राहायला जाण्यासाठी. आयर्विनला ३५ फूट झाले की आईंनी निघायचं, हे आजच ठरवा. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटली ती पाणी चढल्यावर लोकांना बाहेर काढताना. वरच्या मजल्यावरच्या कुणाशी तरी बोलून ठेवा: फ्रिज नाही, पण गादी, औषधं आणि कागदांची पेटी त्यांच्याकडे जाईल.

विम्यासाठी दागिन्यांची यादी, फोटो आणि पावत्या लागतील. जुन्या पावत्या सापडणार नाहीत, सराफाकडून मूल्यांकन करून घ्या. यादी करताना आईंना शेजारी बसवा, कुठली पाटली कुणाकडून आली ते त्यांनाच ठाऊक असेल.