ट्रास्टुझुमॅबचं पेटंट संपलं, तरी बिल का उतरत नाही?

आईला स्तनाचा कर्करोग आहे, ‘हर-टू पॉझिटिव्ह’ (गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला). डॉक्टरांनी हर्सेप्टिनऐवजी बायोसिमिलर लिहून दिलं. म्हणजे डुप्लिकेटच ना? (नाशिक)

नाही हो. डुप्लिकेट म्हणजे बनावट. हे परवाना घेऊन, चाचण्या करून बाजारात आलेलं औषध आहे. दोन्हींतलं औषध एकच, ट्रास्टुझुमॅब; हर्सेप्टिन हा त्याचा मूळ ब्रँड. ते प्रतिपिंड (अँटिबॉडी) प्रकारचं प्रथिन आहे. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून मिळवलेल्या पेशी वाढवून ते तयार करतात. एकाच विरजणाचं दहीसुद्धा रोज तंतोतंत सारखं लागत नाही. तसाच मूळ कंपनीच्या दोन बॅचमध्येही बारीक फरक असतो. म्हणून ‘सिमिलर’.

बायोकॉन-मायलन या कंपन्यांच्या बायोसिमिलरची हर्सेप्टिनशी तुलना झाली, तेव्हा केमोच्या जोडीने २४ आठवड्यांनी गाठ आक्रसलेल्या रुग्णांचं प्रमाण ६९.६ टक्के आणि ६४ टक्के आलं. मोठा आकडा बायोसिमिलरचा. तो सरस ठरला असं मात्र समजू नका. फरक आधी ठरवलेल्या मर्यादेत राहिला, एवढाच अर्थ. डिसेंबर २०१७मध्ये अमेरिकेनेही त्याला मान्यता दिली. या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून हृदयाची ‘इको’ मात्र दोन्हींसाठी ठरल्या वेळी करायचीच.

पेटंट संपलं की किंमत धाडकन उतरायला हवी ना? (सोलापूर)

साध्या गोळ्यांत उतरते, इथे रडतखडत. हर्सेप्टिन बनवणाऱ्या रोश कंपनीने भारतातलं पेटंट २०१३मध्ये सोडलं. जानेवारी २०१४मध्ये बायोकॉनचं ‘कॅनमॅब’ आलं. ४४० मिलिग्रॅमच्या कुपीवर तेव्हा छापील किंमत ५७,५०० रुपये, म्हणजे मूळ औषधापेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी. लगेच रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. वाद पेटंटचा नव्हता. मंजुरी कशी मिळाली आणि लेबलवर काय छापलं, याचा होता. पेटंट गेलं तरी कोर्ट सुटत नाही!

खरी स्वस्ताई तिसरी-चौथी कंपनी उतरल्यावर येते. तीही बऱ्याचदा छापील किमतीत दिसत नाही, खरेदीच्या भावात दिसते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे कर्करोग रुग्णालयांच्या देशव्यापी जाळ्याने, कर्करोगाच्या उपचारातली ४० औषधं एकत्रित खरेदी केली, तेव्हा ८२ टक्के बचत झाली. म्हणून पहिल्या सायकलआधीच (डोसाच्या फेरीआधीच) रुग्णालयाच्या फार्मसीत विचारा: कोणकोणते ब्रँड आहेत, आणि छापील नव्हे, प्रत्यक्ष दर काय?

२०२४च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क माफ झालेलं ट्रास्टुझुमॅब हेच का? (ठाणे)

नाही. ते ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान. त्यात प्रतिपिंडाला केमोचं औषध जोडलेलं असतं. डोस वेगळा, त्रासही वेगळा. फाइलवर पूर्ण नाव, ब्रँड आणि बॅच नंबर लिहून घ्याच.

माझं वजन ५५ किलो. दर वेळी पूर्ण कुपीचे पैसे घेतात, उरलेलं औषध कुठे जातं? (कोल्हापूर)

झकास प्रश्न. दर तीन आठवड्यांच्या पद्धतीत पहिला डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर ४४० : एक कुपी. पुढचे किलोमागे ६, म्हणजे ३३०. उरले ११०. बहुडोस कुपी सोबतच्या परिरक्षकयुक्त (प्रिझर्व्हेटिव्ह असलेल्या) द्रावणात मिसळली, तर २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकते. तुमची सायकल २१ दिवसांची. म्हणजे हिशेबाने पुढच्या दर चार डोसांना तीनच कुप्या पुरतात. साध्या निर्जंतुक पाण्यात मिसळली असेल, तर उरलेलं टाकावंच लागतं. तुमच्या ब्रँडचं माहितीपत्रक काय सांगतं ते आधी बघा. आणि कुपी घरच्या फ्रिजमध्ये नको, रुग्णालयातच तुमच्या नावाने ठेवायला सांगा.